‘नमुना असमाधानकारक, पुन्हा पाठवावा’ : पॅप तपासणीत वारंवार पडणाऱ्या या शेऱ्याचे मूळ कसे शोधावे

पॅप तपासणीच्या, म्हणजे गर्भाशयमुखावरून खरवडलेल्या पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या तपासणीच्या, अहवालावर ‘नमुना असमाधानकारक’ हा शेरा अधूनमधून येणारच. मात्र एकाच आरोग्य केंद्राकडून किंवा एकाच प्रकारच्या शिबिरांतून आलेल्या स्लाइडांवर तो महिन्यामागून महिना पडत राहिला, तर दोष त्या स्त्रियांच्या शरीरात नसून नमुना घेणे, पसरवणे, स्थिर करणे आणि रंगवणे या साखळीतल्या कुठल्यातरी एका ठरावीक कडीत आहे, असे धरून शोध सुरू करावा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी या शेऱ्यावर एकच उपाय केला जातो : स्त्रीला परत बोलावायचे आणि त्याच हाताने, त्याच पद्धतीने, त्याच बरणीतल्या अल्कोहोलमध्ये दुसरी स्लाइड बुडवायची. अर्थातच दुसरा अहवालही पहिल्यासारखाच येतो.

दिवसाची मजुरी बुडवून, घरच्यांना काहीबाही कारण सांगून आणि संकोच बाजूला ठेवून आलेली स्त्री दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नसते. कर्करोगाची जगभरची आकडेवारी मांडणाऱ्या ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू झाला. ज्या तपासणीने हा आजार कर्करोग होण्याच्या कित्येक वर्षे आधी पकडता येतो, ती तपासणी स्लाइड वाळली म्हणून वाया जाणे फार महागात पडते. पॅप तपासणीत नजरेतून सुटलेल्या विकृतींचा मोठा भाग सूक्ष्मदर्शकाखाली चुकलेला नसतो. त्या पेशी स्लाइडवर आलेल्याच नसतात किंवा ओळखू येण्याच्या अवस्थेत नसतात.

शेऱ्याचा नेमका अर्थ

आज बहुतेक प्रयोगशाळा ‘बेथेस्डा पद्धती’नुसार अहवाल देतात. अमेरिकेतील बेथेस्डा येथे १९८८ मध्ये ही पद्धत ठरली आणि २०१४ मध्ये तिची अलीकडची सुधारणा झाली. तिच्यानुसार नेहमीच्या काचपट्टीवरील पॅप नमुन्यात सुस्थितीतल्या आणि स्पष्ट दिसणाऱ्या किमान ८,००० ते १२,००० पट्टकी पेशी, म्हणजे मुखाच्या बाहेरच्या आवरणातल्या चपट्या पेशी, असाव्या लागतात. द्रवात गोळा केलेल्या नमुन्यात, म्हणजे एलबीसीमध्ये, ही मर्यादा ५,००० आहे. पेशी पुरेशा असूनही त्यांतील ७५ टक्क्यांहून अधिक पेशी रक्ताने, पुवाने, जाडपणामुळे किंवा वाळल्यामुळे झाकल्या गेल्या असतील, तर नमुना असमाधानकारक ठरतो. झाकले जाण्याचे प्रमाण ५० ते ७५ टक्के असेल, तर नमुना समाधानकारकच मानतात आणि त्या अडथळ्याची फक्त नोंद करतात.

इथे दोन गैरसमज नेहमी होतात. ‘ट्रान्सफॉर्मेशन झोनमधील पेशी आढळल्या नाहीत’ हे वाक्य वाचून अनेक डॉक्टर नमुना बाद झाला असे समजतात. ट्रान्सफॉर्मेशन झोन म्हणजे नलिकेच्या पेशी आणि पट्टकी पेशी जिथे भेटतात तो भाग. तसे नाही. आतल्या नलिकेच्या किंवा रूपांतर पावणाऱ्या मिळून किमान दहा सुस्थितीतल्या पेशी दिसल्या, की तो भाग नमुन्यात आला असे म्हणतात. त्या दिसल्या नाहीत तरी नमुना समाधानकारकच राहतो. एवढ्या कारणासाठी स्त्रीला घाईने परत बोलावू नये. दुसरा गैरसमज प्रयोगशाळेच्या बाजूचा आहे. स्लाइडवर एकही विकृत पेशी दिसली, तर उरलेली स्लाइड कितीही खराब असली तरी तो नमुना असमाधानकारक म्हणून परत पाठवता येत नाही. जे दिसले ते कळवावेच लागते.

म्हणून अहवाल हाती आल्यावर ‘असमाधानकारक’ या शब्दावर थांबू नये, त्यापुढे लिहिलेले कारण वाचावे. पेशी कमी, हवेने वाळलेल्या, रक्ताने झाकलेल्या, दाहपेशींनी झाकलेल्या, जाड थर, नाव नसलेली स्लाइड, फुटलेली स्लाइड या प्रत्येक कारणामागे वेगळा दोष असतो. प्रयोगशाळा कारण लिहितच नसेल, तर दुरुस्तीची पहिली मागणी तिच्याकडे करावी.

उपायाआधी नोंदवही

कुठलाही बदल करण्यापूर्वी गेल्या दोन-तीन महिन्यांतले सर्व असमाधानकारक अहवाल एका कागदावर मांडावेत आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहाव्यात : शेऱ्याचे कारण, नमुना कोणी घेतला, कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी घेतला, आणि स्त्रीचे वय व पाळीची स्थिती. बहुधा कागदच बोलू लागतो. दोष एकाच हाताच्या नमुन्यांत असेल, तर प्रश्न तंत्राचा आहे. एकाच दिवसाच्या सगळ्या स्लाइडांत असेल, तर त्या दिवशीचे अल्कोहोल, जागेची मांडणी किंवा वाहतूक तपासावी. सर्व केंद्रांच्या स्लाइडा एकाच आठवड्यात बिघडल्या असतील, तर नमुना घेणाऱ्यांना दोष देण्यापूर्वी प्रयोगशाळेने आपल्या रंगांच्या बरण्यांकडे पाहावे. दोष फक्त पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये दिसत असेल, तर मामला रजोनिवृत्तीचा आहे आणि त्याचा उपाय निराळा आहे. हा कागद न करता घेतलेले प्रशिक्षणवर्ग चहा-बिस्किटांपुरते उरतात, असा माझा अनुभव आहे.

वाळलेली स्लाइड

शिबिरांतून येणाऱ्या नमुन्यांत माझ्या पाहण्यात सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत सहज टळणारा दोष हवेने वाळण्याचा आहे. काचेवर पसरलेला थर ओला असतानाच अल्कोहोलमध्ये गेला पाहिजे, आणि पातळ थर वाळायला पंख्याखाली काही सेकंद पुरतात. वाळलेल्या पेशीचे केंद्रक फुगते, फिकट होते, त्यातील रंगद्रव्याची रचना पुसट होते आणि पेशीद्रव हिरवट-निळसर राहण्याऐवजी लालसर दिसू लागतो. फुगलेले केंद्रक हे विकृतीचेही लक्षण असल्यामुळे वाळलेली स्लाइड दोन्ही बाजूंनी फसवते : निरोगी स्त्रीच्या पेशी संशयास्पद वाटू शकतात आणि खरी विकृती पुसटपणात लपू शकते.

काही वर्षांपूर्वी एका शिबिरातून आमच्या प्रयोगशाळेकडे आलेल्या जवळजवळ सर्व स्लाइडा वाळलेल्या होत्या. नमुने घेणारी परिचारिका अनुभवी होती, पेशी भरपूर होत्या, थरही उत्तम पसरलेला होता. चौकशीअंती कळले, की तपासणीचे टेबल खोलीच्या एका टोकाला आणि अल्कोहोलची बरणी दुसऱ्या टोकाच्या खिडकीत होती. सिस्टर आधी स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारे साधन, काढत, मग स्लाइडवर नाव लिहीत, मग चार पावले चालून ती बुडवत आणि डोक्यावर पंखा पूर्ण वेगाने फिरत असे. पुढच्या वेळी स्त्री टेबलावर येण्यापूर्वीच स्लाइडवर नाव लिहून ठेवले, बरणी झाकण उघडून उजव्या हाताशी ठेवली, नमुना घेतानापुरता पंखा बंद केला आणि स्पेक्युलम काढण्याचे काम स्लाइड बुडवल्यानंतरवर ढकलले. एवढ्याने तो दोष गेला.

वाळण्याचा आकारही कारण सांगतो. संपूर्ण स्लाइड वाळली असेल, तर उशीर झाला आहे. स्लाइडचा वरचा निम्मा भाग वाळलेला आणि खालचा ठीक असेल, तर बरणीतल्या अल्कोहोलची पातळी कमी होती. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या बरणीत ती दुपारपर्यंत बोटभर खाली जाते. थराचे काही पट्टे उडून गेलेले आणि पेशी एका बाजूला ढकललेल्या दिसत असतील, तर फवारा फार जवळून मारला गेला आहे. स्प्रे साधारण १५ ते २५ सेंटिमीटरवरून मारावा. जाता जाता एक गमतीची गोष्ट : केसांवर मारायचा साधा हेअरस्प्रे, त्यात अल्कोहोलचे प्रमाण पुरेसे असेल तर, स्थिरीकरणासाठी चालतो आणि अडचणीच्या जागी तो वापरलाही गेला आहे. अर्थात शिबिराचे नियोजन त्याच्या भरवशावर करू नये.

अल्कोहोल ९५ टक्के इथिल असावे आणि स्लाइड त्यात निदान १५ ते ३० मिनिटे बुडालेली राहावी. जखम पुसण्यासाठी वॉर्डात मिळणारे पातळ केलेले स्पिरिट हे त्याचे काम करू शकत नाही. बाटलीवरचे प्रमाण वाचल्याशिवाय ते बरणीत ओतू नये. इथिल मिळत नसेल, तर शुद्ध मिथेनॉल किंवा ८० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. एकाच बरणीत दोन स्लाइडा ठेवताना त्यांच्या नमुना असलेल्या बाजू एकमेकींना चिकटणार नाहीत अशी सोय करावी. कागदाची एक क्लिप प्रत्येक स्लाइडला लावली तरी पुरते. वापरलेले अल्कोहोल गाळून घ्यावे किंवा बदलावे, नाहीतर एका स्त्रीच्या सुटलेल्या पेशी दुसरीच्या स्लाइडवर जाऊन बसण्याचा धोका असतो. कर्करोगाच्या पेशी विशेषतः सहज सुटतात, म्हणून हा धोका कागदावरचा नाही.

स्लाइड वाळल्याचे तिथल्या तिथे लक्षात आले आणि फार वेळ गेला नसेल, तर ती अर्धा मिनिट सलाइनमध्ये बुडवून लगेच अल्कोहोलमध्ये टाकता येते. पेशींचा तपशील बऱ्याच अंशी परत येतो आणि भरीला रक्तपेशी फुटून पार्श्वभूमीही स्वच्छ होते. मात्र असे केल्याची नोंद मागणीपत्रावर असावी.

पेशी कमी

हा दोष हाताचा असतो किंवा वयाचा. गर्भाशयमुख पूर्ण दिसल्याशिवाय स्पॅच्युला, म्हणजे पेशी खरवडायची चपटी काडी, आत नेला, तर तो योनीच्या भिंतीवर फिरतो आणि नमुना नावापुरता राहतो. पुरेशा आकाराचे स्पेक्युलम, कमरेखाली घडी केलेली चादर आणि नीट पडणारा उजेड या तीन गोष्टींनी निम्मी अडचण सुटते. अनेक बाळंतपणांनंतर योनीच्या भिंती सैल होऊन मध्ये येत असतील, तर टोक कापलेला कंडोम स्पेक्युलमच्या पात्यांवर चढवावा. भिंती बाजूला राहतात आणि मुख समोर येते. त्यासाठी वंगण नसलेला कंडोम घ्यावा.

लाकडी आयर स्पॅच्युला १९४७ पासून वापरात आहे आणि आपल्याकडच्या सरकारी साहित्यात तोच सापडतो. त्याचे लांब टोक मुखाच्या छिद्रात टेकवून तो किंचित दाब देत पूर्ण ३६० अंशांत फिरवावा लागतो. दुखेल या भीतीने अर्धाच फेरा मारणे ही या दोषाची नेहमीची मुळी आहे. लांब टोकाचा स्पॅच्युला आणि नलिकेत घालायचा बारीक सायटोब्रश यांची जोडी एकट्या आयर स्पॅच्युलापेक्षा सरस ठरते, हे तौलनिक अभ्यासांतून पुरेसे स्पष्ट झालेले आहे. तेव्हा खरेदीच्या यादीत ब्रश नसेल, तर तो घालून घेण्यासाठी भांडावे. ब्रश आत घातल्यावर पाव ते अर्धा फेरा पुरे. त्याहून अधिक फिरवला तर रक्त येते आणि पेशींचा प्रश्न सुटण्याऐवजी रक्ताचा प्रश्न उभा राहतो. याच कारणासाठी आधी स्पॅच्युला आणि नंतर ब्रश हा क्रम पाळावा. गरोदर स्त्रीमध्ये ब्रश आत घालू नये.

दोन्ही साधने वापरताना एक अडचण येते, ती म्हणजे ब्रशचा नमुना घेईपर्यंत स्लाइडवर पसरलेला स्पॅच्युलाचा थर वाळतो. हाताखाली मदतनीस असेल, तर स्पॅच्युला तसाच धरून ठेवावा, ब्रशचा नमुना घ्यावा आणि मग दोन्ही एकाच स्लाइडवर लागोपाठ पसरून ती बुडवावी. एकट्याने काम करावे लागत असेल, तर दोन स्लाइडा घ्याव्यात आणि पहिली लगेच बुडवावी, असे माझे मत आहे. एका जास्तीच्या काचेची किंमत परत बोलावण्यापुढे काहीच नाही. पसरवताना स्पॅच्युला एका दिशेने, एका ओढीत फिरवावा आणि ब्रश स्लाइडवर लाटण्यासारखा गोल फिरवत न्यावा. मागेपुढे घासले तर पेशी चिरडतात, आणि गोलगोल फिरवले तर मधोमध जाड ढीग साचतो, ज्यातून प्रकाशच जात नाही.

पन्नाशीनंतरच्या स्त्रियांमध्ये उत्तम हातालाही पेशी कमी मिळतात. स्त्रीसंप्रेरक कमी झाल्याने आवरण पातळ व कोरडे होते आणि दोन प्रकारच्या पेशींची सीमा नलिकेच्या आत सरकते. म्हणूनच मुखावर ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची व्हाया तपासणीही या वयात कमी उपयोगी पडते. अशा स्त्रीचा नमुना असमाधानकारक आला, तर स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने योनीत लावण्याचे इस्ट्रोजेन क्रीम काही आठवडे वापरून, ते काही दिवस थांबवून, मग पुन्हा नमुना घ्यावा. तोच प्रयत्न क्रीमशिवाय तीनदा करण्यात अर्थ नाही. मागणीपत्रावर वय, शेवटच्या पाळीची तारीख आणि गर्भपिशवी काढली असल्यास तसा उल्लेख असला पाहिजे. गर्भाशयमुखासह पिशवी काढलेल्या स्त्रीच्या नमुन्यात नलिकेच्या पेशी शोधत बसणारा पॅथॉलॉजिस्ट मी पाहिला आहे, आणि एकदा तो मीच होतो.

नमुना घेणे हे डॉक्टरचेच काम आहे, परिचारिकेला ते जमणार नाही, असा एक समज अजून ऐकू येतो. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३० हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या चाचणी-प्रयोगात व्हाया, पॅप आणि एचपीव्ही (या कर्करोगाला कारणीभूत विषाणू शोधणारी) या तिन्ही तपासण्या प्रशिक्षित परिचारिका-सुईणींनी केल्या होत्या. खेड्यापाड्यांत हे काम झाले आहे. फरक पडतो तो प्रशिक्षणाने, आणि त्याहून अधिक आपल्या स्लाइडांचे पुढे काय झाले हे त्या हाताला दर महिन्याला कळण्याने.

रक्त, पू आणि एक गंभीर इशारा

नमुना पाळीच्या दिवसांत घेऊ नये. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून १० ते २० दिवसांच्या दरम्यान तो घेणे सोयीचे असते. आदल्या ४८ तासांत शरीरसंबंध, योनीतील औषध किंवा आतून धुणे झालेले नसावे. ही सूचना शिबिराच्या पत्रकावर बारीक अक्षरांत छापून भागत नाही, ती आशाताईंनी घरी जाऊन तोंडी सांगावी लागते. तरीही पाळी सुरू असलेली स्त्री शिबिरात आली, तर तिची तपासणी उरकून टाकण्याऐवजी तिला तारीख द्यावी. पांढरा स्राव फार असेल, तर कापसाच्या बोळ्याने तो अलगद टिपावा, चोळू नये. संसर्ग दिसत असेल, तर त्यावर उपचार करून मग नमुना घ्यावा. स्पेक्युलमला पाणी लावावे, जेली नको. कार्बोमर असलेली जेली एलबीसीच्या गाळणीत अडकून पेशींची वाट अडवते. एकाच भेटीत व्हायाही करायची असेल, तर पॅपचा नमुना आधी घ्यावा आणि ॲसिटिक ॲसिड नंतर लावावे.

आता इशारा. रक्ताने आणि पुवाने झाकलेली स्लाइड ही नेहमीच वाईट तंत्राची खूण नसते. गर्भाशयमुखावर वाढलेल्या कर्करोगाची गाठ स्वतः रक्ताळते, सडते आणि तिच्या पृष्ठभागावरून खरवडलेल्या नमुन्यात रक्त, मृत पेशी आणि दाह यांखेरीज काहीच मिळत नाही. म्हणून संबंधानंतर रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे यांपैकी एखादी तक्रार असेल, किंवा मुखावर स्पर्श होताच रक्त येणारा खडबडीत भाग दिसत असेल, तर ‘असमाधानकारक, पुन्हा पाठवा’ हा शेरा वाचून पुढच्या शिबिराची वाट पाहू नये. तिथे पॅपचे काम संपलेले असते. अशा स्त्रीला थेट कॉल्पोस्कोपी (भिंगातून मुखाची पाहणी) आणि बायॉप्सीसाठी (तुकडा काढून तपासणीसाठी) पाठवावे. उघड दिसणाऱ्या व्रणावर पॅप घेत बसण्याइतकी आणि ती ‘निगेटिव्ह’ आली म्हणून समाधान मानण्याइतकी घातक चूक या सगळ्या विषयात दुसरी नाही.

कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रीचा नमुना असमाधानकारक आला, तर दोन ते चार महिन्यांनी पुन्हा घ्यावा. खरवडलेले आवरण भरून यायला वेळ लागतो. आठवड्याभरात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात पेशी आणखी कमी आणि दुरुस्तीच्या खुणा मात्र भरपूर सापडतात. लागोपाठ दोनदा असमाधानकारक आला, तर तिसऱ्या पॅपऐवजी कॉल्पोस्कोपी करावी.

प्रयोगशाळेने स्वतःकडे पाहावे

आम्ही प्रयोगशाळेतली माणसे शेरा लिहून मोकळी होतो, पण स्लाइडा आमच्याही हातून बिघडतात. पेशींवर तपकिरी, पापुद्र्यासारखे डाग पडले असतील, तर कव्हरस्लिप, म्हणजे वरची पातळ काच, लावायला उशीर झाला आहे आणि झायलिन हे द्रावक उडून पेशींखाली हवा शिरली आहे. ती स्लाइड पुन्हा झायलिनमध्ये सोडवून नव्याने बसवली, की बहुधा सुधारते; शेरा लिहिण्यापूर्वी हे करून पाहण्याचे कष्ट घ्यावेत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, हवेतील दमटपणामुळे निर्जल म्हणवले जाणारे अल्कोहोल निर्जल राहत नाही, पाणी पुढच्या झायलिनमध्ये उतरते, ते दुधट होते आणि सगळ्या स्लाइडा धुक्यातून पाहिल्यासारख्या दिसतात. जून ते सप्टेंबर या बरण्या नेहमीपेक्षा लवकर बदलाव्यात. केंद्रके एकजात फिकट दिसू लागली, तर केंद्रके रंगवणारे हीमॅटॉक्सिलिन थकले आहे. त्याचा दोष तालुक्याच्या सिस्टरच्या माथी मारू नये.

नाव नसलेल्या स्लाइडांबाबत मात्र आम्ही कठोर राहतो आणि राहिले पाहिजे. शाईने किंवा साध्या मार्करने लिहिलेले नाव अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. काचेच्या खरबरीत टोकावर शिसपेन्सिलीने किंवा डायमंड पेन्सिलीने लिहावे.

एचपीव्ही तपासणी आली तरी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून प्राथमिक तपासणी म्हणून एचपीव्ही डीएनए चाचणीला पसंती दिली आहे, आणि तिच्यासाठी स्त्री स्वतःही योनीतून नमुना घेऊ शकते. यामुळे स्लाइड वाळण्याचा प्रश्न उरत नाही, पण नमुन्याच्या दर्जाचा प्रश्न संपत नाही, तो दिसेनासा होतो. पॅपमध्ये पेशी कमी असल्या तर डोळ्यांना दिसते. यंत्राला ते वेगळे शोधावे लागते. काही चाचण्या मानवी जनुकाचा एक तुकडाही सोबत मोजतात आणि तो सापडला नाही, तर निकाल ‘इनव्हॅलिड’ असा देतात. काही चाचण्यांत ही सोय नसते आणि रिकामा स्वॅबही ‘निगेटिव्ह’ ठरू शकतो. हायब्रिड कॅप्चर २ ही यांतली दुसऱ्या प्रकारची चाचणी आहे. म्हणून किट निवडताना किमतीबरोबर हा प्रश्नही विचारावा. ‘इनव्हॅलिड’चे प्रमाण वाढले असेल, तर नमुन्यातील रक्त, घट्ट स्राव आणि जेली यांकडे पाहावे. स्वतः नमुना घेणाऱ्या स्त्रीला स्वॅब आत नेऊन किती वेळ फिरवायचा, हे चित्र दाखवून समजावले आहे का, तेही विचारावे.

एलबीसीची कुपी

इंग्लंडमध्ये २००३ नंतर एलबीसी पद्धत सर्वत्र आली तेव्हा असमाधानकारक नमुन्यांचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या आसपास उतरले. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या खासगी प्रयोगशाळांत ती रुळली आहे, पण तिथेही शेरे येतात आणि त्यांची कारणे ठरलेली असतात. झाडूसारखा ब्रश पाच वेळा एकाच दिशेने फिरवायचा असतो, तो दोनदाच फिरवला जातो. एलबीसीच्या दोन प्रचलित प्रकारांपैकी थिनप्रेपच्या कुपीत ब्रश तळाशी दहादा दाबून, घुसळून मग टाकून द्यायचा असतो. शुअरपाथमध्ये उलट त्याचे डोके कुपीतच सोडायचे असते. दोन्ही प्रकारच्या कुप्या एकाच रुग्णालयात असल्या, की हमखास अदलाबदल होते, आणि शुअरपाथच्या कुपीतून डोके काढून घेतले तर बहुतेक पेशी कचऱ्याच्या डब्यात जातात. नमुन्यात आधी सांगितलेल्या किमान ५,००० पेशी आहेत का याचा अंदाज हवा असेल, तर २० मिलिमीटर व्यासाच्या थरात ४० पट भिंगाखाली, २० क्रमांकाच्या नेत्रिकेतून, दर क्षेत्रात सरासरी तीन-चार पेशी म्हणजे सुमारे ५,००० पेशी होतात; १३ मिलिमीटरच्या थरात त्यासाठी सात-आठ लागतात.

रक्ताळलेल्या नमुन्यामुळे थिनप्रेपची गाळणी तुंबली, तर उरलेला द्रव पातळ ॲसिटिक ॲसिडने धुऊन दुसरी स्लाइड करता येते, आणि थिनप्रेपच्या द्रवात पेशी खोलीच्या तापमानाला सहा आठवडे टिकतात. काही प्रयोगशाळा जागा अडते म्हणून अहवाल निघताच कुप्या फेकून देतात. असमाधानकारक अहवालांच्या कुप्या तरी वेगळ्या खोक्यात तारीख घालून ठेवाव्यात, आणि स्त्रीला पुन्हा येण्याचा निरोप धाडण्यापूर्वी त्या खोक्यात तिची कुपी आहे का, हे आधी पाहावे.